ग्लास वाजायचे थांबले

आमच्या ख्रिस्ती मंडळीत शालिकराम पौनीकर आपण कसे पालटलो याची साक्ष द्यायला उठला की मागच्या बाकावरची पोरं त्याच्याबरोबर ओठ हलवतात. त्यांना सगळं पाठ आहे. आधी मोहाची दारू, मग जुगार, मग बायकोच्या अंगावर भिरकावलेलं वरणभाताचं ताट, मग तापानं फणफणला असताना शेजाऱ्यानं केलेली प्रार्थना, आणि शेवटी अश्रू. ताट भिरकावल्याचं तो हातानं करून दाखवतो. त्याची बायको अनुसया तेव्हा पुढच्या बाकावर मान खाली घालून बसलेली असते. गेली तीस वर्षं ते ताट दरवर्षी तिच्या अंगावर येतं आणि मंडळी म्हणते, आमेन.

मला या माणसाची चीड येते, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की मास्तरांनी मन मोठं ठेवलं नाही. मी निवृत्त शाळामास्तर, मंडळीचा सेक्रेटरी, आणि शालिकरामसारखाच एल्डर, म्हणजे मंडळीनं निवडलेला वडील. माझं मन किती मोठं आहे ते पुढे कळेलच.

शालिकराम कोष्ट्याच्या घरातला. बाप मागावर साड्या विणायचा आणि गांधीबागेच्या कापडबाजारात नेऊन घालायचा. पोरानं मागाला हात लावला नाही. तो कोराडीच्या वीज केंद्रात लागला, कंट्रोल रूममध्ये. तिथे दर तासाला मीटर बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं, हेच त्याचं काम. पस्तीस वर्षं त्यानं ते नेकीनं केलं. नोंद म्हणजे नोंद, एक आकडा इकडचा तिकडे नाही. दारू सुटली तीही खरीच सुटली, ते मी नाकारत नाही. बाप्तिस्मा घेतला, पण नाव तेच ठेवलं. अंगावर पांढराशुभ्र शर्ट, खिशात दोन पेनं, आवाज खर्जातला. प्रार्थनेला उभा राहिला की नवखा माणूस त्यालाच पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू समजतो, आणि शालिकराम ती समजूत दूर करायची घाई करत नाही.

आता जयवंताबाईंविषयी. ही विधवा बाई मंडळीची बालवाडी चालवायची. प्रभुभोजनात द्राक्षारसाच्या जागी द्यायचा रसही तीच करायची, काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून. कमी बोलायची. कोणाच्या घरी आजार असला की न बोलावता जायची आणि न सांगता निघायची. अकरा वर्षांपूर्वी एल्डरची एक जागा रिकामी झाली तेव्हा बायकांनी तिचं नाव सुचवलं. आमच्यात तोवर बाई एल्डर झाली नव्हती. दुसरं नाव शालिकरामचं होतं.

निवडीच्या आठ दिवस आधी कमिटीकडे एक निनावी चिठ्ठी आली. सेक्रेटरी म्हणून मीच ती बैठकीत वाचली. त्यात असं होतं: ‘गुरुवारी १६.४० वाजता सदर बाई गोविंदा ऑटोवाला याचे घरी दाखल. १८.०५ वाजता बाहेर. साडी ओली. शनिवारी १६.३५ दाखल, १७.५० बाहेर. साडी ओली. मंडळीने योग्य तो बोध घ्यावा.’

मी ‘सोळा चाळीस’ असं वाचलं आणि जीभ अडखळली. आमच्या मंडळीत माणसं पावणेपाच म्हणतात, चारच्या पुढे म्हणतात, चहाच्या वेळी म्हणतात. सोळा चाळीस म्हणणारा आमच्यात एकच होता, आणि तो समोर बसून पंख्याकडे बघत होता. त्याची स्टाफ बस गोविंदाच्या घरासमोरच थांबायची आणि उतरल्यावर तो तिथल्या टपरीवर तास दीड तास बसायचा. अक्षर बदलायची अक्कल त्याला होती. पस्तीस वर्षांची सवय बदलायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

नोंदी सगळ्या खऱ्या होत्या, वेळेसकट. गोविंदाची आई रंभाबाई लकवा मारून खाटेवर पडली होती आणि घरात दुसरी बाई नव्हती. जयवंता आठवड्यातून दोनदा जाऊन तिला आंघोळ घालायची. एवढं जड शरीर उचलून धुताना साडी ओली होणार नाही तर काय होईल? पण रंभाबाईची वाचा गेलेली. गोविंदा स्वतः शपथ घ्यायला आला, त्यानं तर लोकांच्या भुवया आणखीच वर गेल्या. पाळकसाहेब म्हणाले, वाच्यता नको, बाईंनी काही दिवस बालवाडीपासून दूर राहावं. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत. तिची मुलगी सोनिका, तिचं जमत आलेलं लग्न मोडलं. ती नर्सिंग करून पुण्याला गेली आणि परत राहायला आली नाही. शालिकराम एल्डर झाला.

आणि मास्तर काय करत होते? मास्तर मंडळीत फूट पडू नये म्हणून गप्प बसले. भित्रेपणाला इतकं भारदस्त कारण सहसा मिळत नाही. मी ती चिठ्ठी फाइलला लावली, वर क्रमांक टाकला आणि फाइल बंद केली.

एकदाच, उपासना संपल्यावर, मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, “शालिकराम, सोळा चाळीस कोण लिहितं रे?”

तो क्षणभर पांढरा पडला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मास्तर, माणसाचं अंतःकरण देव जाणते. जे काय हाये थे मी त्याच्यापाशी मांडलं. त्यानं मले शांती देल्ली. आता तुमी काहून उकरून राहिले?”

वा रे शांती! लग्न मोडलं जयवंताच्या पोरीचं, बालवाडी गेली जयवंताची, आणि मिटवामिटव झाली शालिकरामची आणि देवाची, दोघांत, दार लावून. जिच्यावर चिखल उडवला तिला कळवायचीसुद्धा गरज नाही.

पण खरं सांगतो, तेव्हा मला त्याच्याबद्दल आशा होती. ती कशामुळे, तेही सांगतो. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. माणसं जागेवरच बसतात आणि दोन एल्डर ट्रे फिरवतात, पुरुषांच्या बाजूला मी, बायकांच्या बाजूला शालिकराम. भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये रसानं भरलेले अंगठ्याएवढे काचेचे ग्लास. ज्याच्या मनात कोणाविषयी वैर आहे त्यानं ग्लास घ्यायचा नाही, ट्रे पुढे जाऊ द्यायचा. एल्डर झाल्यावरच्या त्या पहिल्या भोजनाच्या रविवारी शालिकरामच्या हातातले ग्लास वाजत होते. टिणटिण, टिणटिण, थेट जयवंताच्या बाकापर्यंत. तिनं मान हलवून ट्रे पुढे जाऊ दिला. पुढल्या महिन्यात पुन्हा वाजले. तिनं पुन्हा घेतला नाही.

मला वाटलं, हा माणूस वाचेल. देव त्याचा हात हलवतोय. पण शालिकरामनं काय करावं? डॉक्टर गाठला. हातकंपावर गोळ्या आणल्या आणि त्या चालू आहेत म्हणून मलाच कौतुकानं सांगितलं. वर्षभरात आवाज कमी झाला. दोन वर्षांत थांबला. गोळ्या त्यानं केव्हाच सोडल्या. त्यांची गरजच उरली नव्हती. साक्ष मात्र वाढत गेली. दारू आणखी कडू झाली, ताट आणखी लांबून यायला लागलं. जी पापं तीस वर्षांपूर्वी मेली त्यांच्यावर रडायला काय लागतं? त्यात ना एल्डरकी जाते, ना कोणाच्या दारात जावं लागतं.

आणि अकरा वर्षं मंडळीनं काय पाहिलं? एक बाई दर महिन्याला ग्लास नाकारते, म्हणजे तिच्या मनात काहीतरी पाप असणार. आणि एक भला माणूस दर महिन्याला तिच्यापुढे ट्रे धरतो. नवी माणसं तर विचारायची, त्या बाईंनी काय केलं होतं?

या वर्षी फेब्रुवारीत जयवंताच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, सोमवारचं. आदल्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार. शनिवारी दुपारी ती माझ्याकडे आली. आमच्याकडची जुनी माणसं भोजनाच्या आदल्या शनिवारी ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्या घरी जाऊन समेट करतात. हल्ली ते कोणी करत नाही.

“मास्तर, माह्यासोबत शालिकभाऊकडे चाला,” ती म्हणाली. “दवाखान्यातून वापस येतो का नाही, भरवसा नाही. मले ह्या खेपेले ग्लास घ्याचा हाये.”

कोराडी रोडवर त्याचं घर आहे. आम्ही गेलो. शालिकरामनं खुर्च्या दिल्या, अनुसयाला चहा ठेवायला सांगितलं. जयवंता खुर्चीच्या कडेवर बसली आणि एका दमात बोलली.

“भाऊ, अकरा वर्सं मी तुमच्यावर राग धरून आहो. मले वाटे का थे चिठ्ठी तुमीच लिहिली. माह्यापाशी काई पुरावा नाही. नुसत्या शंकेनं मी तुमाले मनातल्या मनात लय शिव्या घातल्या. चुकलं माह्यं. मले माफ करा.”

स्वयंपाकघराच्या दारात अनुसया चहाचे कप घेऊन उभी होती. पुरावा, म्हणजे मास्तर, जयवंताच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता, चष्मा पुसत. शालिकरामनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता. एवढं दार उघडून कोणासाठी कोणी धरत नाही. बाईनं त्याला काहीच विचारलं नव्हतं. त्यानं नुसतं ‘हो, मीच’ म्हणायचं होतं.

शालिकरामचे डोळे पाणावले. तो उठला आणि त्यानं जयवंताच्या डोक्यावर हात ठेवला.

“बाई, मी तुमाले माफ केलं,” तो म्हणाला. “मनापासून माफ केलं. माह्या मनात कधीच काई नव्हतं.”

मग त्यानं प्रार्थना केली. लांबलचक, सुरेख. अनुसयाच्या हातातल्या चहावर साय आली. अन् मी? मी आमेन म्हणालो. म्हणालो मी, लपवत नाही.

रविवारी ट्रे फिरले. शालिकराम बायकांच्या बाजूनं निघाला आणि मी कान लावला. काही नाही. भरलेले चाळीस ग्लास आणि एकही टिणकन नाही. जयवंतापाशी तो थांबला, तिनं ग्लास उचलला. मागच्या बाकावर कोणीतरी हुंदका दिला, समेट झाल्याच्या आनंदाचा. तेवढ्यात काच वाजायला लागली. मी शालिकरामकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. वाजत होता तो माझा ट्रे.

तो मी बाकावर ठेवला आणि बाहेर आलो. उपासना सुटल्यावर जयवंताला आंब्याखाली गाठलं आणि सगळं सांगितलं. सोळा चाळीस, स्टाफ बस, फाइल, सगळं. तिनं ऐकून घेतलं.

“तुमाले केव्हापासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथे लिहीत नाही. मग ती सरळ नळाकडे गेली, मी मागोमाग. शालिकराम बाह्या सावरून ग्लास धूत होता. हे काम तो स्वतः करतो, नम्रता म्हणून.

“भाऊ,” ती म्हणाली, “मास्तर म्हणते थे चिठ्ठी तुमची होती. एकदा फक्त हो म्हणा. माह्याकडून माफीच हाये, उद्याच्या आधी देऊन जातो.”

शालिकरामनं एक ग्लास उजेडाकडे धरून डाग आहे का पाहिलं. फडक्यानं पुसला. ट्रेमध्ये ठेवला.

“मास्तरचं वय झालं, बाई,” तो म्हणाला. “मी त्यायच्यासाठी प्रार्थना करीन.”

मी त्याचा चेहरा निरखून पाहिला, बेरकीपणा शोधला. माझ्यावर उपकार झाले असते तो सापडता तर. पण तिथे काही नव्हतं. तो खोटं बोलतोय हे आता त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यानं पुढचा ग्लास घेतला.

जयवंता तिथेच पायरीवर बसली आणि रडू लागली. मी म्हणालो, झालं गेलं, तुमचा जीव सांभाळा.

“मी माह्यासाठी नाही रडून राहिली, मास्तर,” ती म्हणाली. “माह्यावर शंका आली तवा मले तरी त्याच्यावर शंका कशानं आली? त्या ग्लासायच्या आवाजानं. माह्या बाकापाशी आला का वाजे. मी दर महिन्याले कान लावून बसत होती. जवर वाजते तवर हा माणूस हाये, असं मनात म्हणे. मंग थे बंद झालं. मले वाटलं, माह्याच कानाचा दोष असन.” तिनं पदरानं डोळे पुसले. “तुमचे वाजले आज. तुमी तरी जाऊन बोला सगळ्यायसमोर.”

ऑपरेशन बरं झालं. ती आता सोनिकाकडे पुण्यात आहे. मी कमिटीत फाइल उघडून चिठ्ठी पुन्हा वाचली, माझ्या अकरा वर्षांच्या गप्प बसण्यासकट, आणि राजीनामा दिला. राजीनामा तत्काळ मंजूर झाला. चिठ्ठीचं काय, तर एवढ्या जुन्या बाबीवर निर्णय घेणं योग्य होणार नाही, असं ठरलं. शालिकरामनं माझ्यासाठी प्रार्थना केली, नाव घेऊन.

गेल्या रविवारी मी पुरुषांच्या बाजूला, मागच्या बाकावर बसलो होतो. साक्ष झाली. ताट आलं, आमेन झालं. मग शालिकराम ट्रे घेऊन बायकांच्या बाजूनं निघाला. मी अजूनही कान लावतो. तो सगळ्या रांगा फिरून परत मेजापाशी गेला आणि ट्रे ठेवला, अलगद, आवाज न करता.