टाकीकडे ढकल, बशीर!

दमलोय हो मी हे सांगून सांगून! कुवेतमध्ये कुणाकडे बारसं असो की सत्यनारायण, प्रसाद हातात पडायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "जोशी, तो रकमनचा घोळ सांगा ना!" सांगतो बाबा. फक्त चहा जरा कडक टाका.

नव्वदचं दशक सरत आलेलं. मी तेल कंपनीत इंजिनिअर, बिऱ्हाड तिथल्याच सलवा भागात. माझे साहेब, ग्रेग, ऑस्ट्रेलियन. माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या देशातल्या फुटबॉलचं वेड! लांबट चेंडू, हातानं मारा, पायानं मारा, एकमेकांच्या अंगावर पडा, सगळं चालतं. दर शुक्रवारी ही मंडळी उन्हात आपटून घ्यायची. पंच चेंडू वर उडवतो, दोन्हीकडचा एकेक ताडमाड गडी उडी मारतो आणि चेंडू आपल्या माणसांकडे ढकलतो. तो ताडमाड गडी म्हणजे रकमन.

साहेब एका संघाचे कप्तान, आणि त्या वर्षी त्यांचा रकमन मायदेशी परतला. आणि मला हवी होती दिवाळीची रजा. धाकट्या बहिणीचा, मंजूचा, पहिला दिवाळसण! वडील नाहीत, नाशिकला जावई येणार, थोरला भाऊ म्हणून मीच पाहिजे ना? पण नेमकं दिवाळीतच प्लांटचं शटडाउन, म्हणजे सगळं बंद करून दुरुस्ती. रजेचं नाव काढलं की साहेब खिडकीबाहेर बघायचे.

एक दिवस साहेब रकमनवरून हळहळत होते आणि माझ्या जिभेला खाज सुटली. "सर, मी कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलोय. माणूस मी शोधतो, तयारही मीच करतो!"

"जोशी, उंच माणूस तयार व्हायला वर्षं लागतात."

"दीड महिना द्या. तो तयार झाला तर दिवाळीची रजा!"

साहेब हसले. "डन!"

माणूस माझ्या डोक्यात तयारच होता. आम्ही हवल्लीच्या ज्या बकाल्यातून किराणा आणायचो, तिथला बशीर. मूळचा रत्नागिरीकडचा. अगदी वरच्या फळीवरचा तुपाचा डबा शिडीशिवाय काढायचा! विचारलं तर म्हणाला, "खेळतो वो भाव, पण मना त्यातला काय एक कळत नाय."

"मी आहे ना!" मी म्हटलं. काय पण आत्मविश्वास!

मग ड्राफ्ट झाला. म्हणजे सगळे कप्तान बसतात आणि आळीपाळीनं एकेक खेळाडू उचलतात. पहिली पाळी आमच्या साहेबांची. समोर एक वाऱ्यासारखा पळणारा ऑस्ट्रेलियन, सगळे त्याच्याच नावाची वाट बघतायत. पण बशीर दारातून वाकून आत आला तेव्हा बाकीच्या कप्तानांनी माना वर केलेल्या मी बघितल्या होत्या. मी साहेबांच्या कानाशी लागलो, "सर, बशीर! नाहीतर पळवतील!" साहेबांनी डोळे मिटून बशीरचं नाव घेतलं.

झालं! रोज कामावर जायच्या आधी मी आणि बशीर मैदानावर. मैदानाच्या एका टोकाला, गोलाच्या मागे, पाण्याची टाकी, उघड्या छत्रीसारखी, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची.

"बशीर, डोकं चालवायचं नाही. उडी मारायची आणि टाकीकडे ढकलायचा!"

"पन भाव, समजा..."

"समजा-बिमजा काही नाही. टाकी!"

चेंडू वर फेकून फेकून माझा खांदा निखळायची वेळ आली. बायको, सुलभा, रोज बाम चोळताना बडबडायची, "दिवाळीला जायचंय की दवाखान्यात?" मी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या घोरायला लागलो. पण बशीर तयार झाला! डोळे बांधले तरी चेंडू टाकीकडेच.

सामन्याचा दिवस. सामना चार भागांत असतो. पहिल्या भागात बशीरनं काय उड्या मारल्या! दर वेळी चेंडू अचूक आमच्या माणसांकडे. साहेबांनी लांबून मला अंगठा दाखवला. मी मनातल्या मनात बॅगही भरली.

दुसरा भाग सुरू होताना बघतो तर दोन्ही संघ भलत्याच बाजूंना! शेजारच्याला विचारलं, "हे काय?"

"प्रत्येक भागानंतर बाजू बदलतात."

मला कसं माहीत असणार? दर शुक्रवारी साहेबांना तोंड दाखवून पहिल्या भागानंतर सटकायचो मी! उन्हात कोण मरणार?

"बशीर! उलटीकडे! उलटीकडे!"

"टाकीकडंच ढकलतो ना भाव!" तो हसत ओरडला. आणि एकेक चेंडू शत्रूच्या हातात नेऊन दिला हो!

तिसऱ्या भागात चेंडू आमचा, चौथ्यात पुन्हा त्यांचा. आम्ही सपाटून हरलो. दोन्ही संघांनी मात्र बशीरची पाठ थोपटली.

"मी तेच इचारीत होतो," बशीर मला म्हणाला, "समजा बाजू बदलली तर? तुमी बोलूच दिला नाय. आता हात ऐकत नाय वो."

खरंच ऐकेना. शेवटी साहेबांनीच तोड काढली. पुढच्या शुक्रवारी मी समुद्रावर न्यायची मोठी पट्ट्यांची छत्री उघडून, आम्हाला ज्या गोलात चेंडू मारायचा त्याच्या मागे उभा, आणि बाजू बदलली की छत्रीसकट धावत दुसऱ्या टोकाला! "बशीर, इकडे!" असं बोंबलत. तोंडाला फेस आला, पण जिंकलो की राव!

धापा टाकत साहेबांकडे गेलो. "सर, रजा?"

साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "जोशी, शटडाउन तुझ्याशिवाय होईल. मॅच कशी होणार?"

मंजू फोनवर रडली. खोटं कशाला सांगू, मलाही रडू आलं. शेवटी सुलभा एकटीच गेली नाशिकला. भरल्या पंगतीत नव्या जावयानं विचारलं, "दादांना एवढं कसलं मोठं काम लागलंय तिकडे?"

सुलभा जिलबी वाढत म्हणाली, "त्यांना टाकी केलंय."