उमाकांतने काढलेलं बटण

आमचा उमाकांत इकडे चेन्नईत, अंबत्तूरच्या एका कंपनीत इंटरनेटच्या ब्राउझरची बटणं कमी करतो. वरच्या पट्टीवर नुसती गर्दी झाली होती, ती याने निम्म्यावर आणली. एवढ्यासाठी इंजिनिअर झालास का रे, असं मी विचारलं होतं. "हो," म्हणाला. बोलण्यातही त्याचं असंच, मोजकंच.

तर त्याने थांबवायचं बटण काढलं आणि ते काम पान पुन्हा आणायच्या बटणाला जोडून दिलं. पान येत असताना दाबलं की ते थांबतं, येऊन पोचल्यावर दाबलं की पुन्हा येतं. जागा वाचली म्हणून ऑफिसात कौतुक झालं. मग ते नवं ब्राउझर तपासून बघायला त्याने तांबरमला आमच्या घरी आणलं आणि ह्यांच्या हाती दिलं.

हे म्हणजे, नाव घ्यायचं तर माधवराव. रेल्वेतून रिटायर. लग्नं जुळवणाऱ्या साइटवर उमाकांतसाठी रोज मुली बघायच्या आणि नाकारायच्या, हा ह्यांचा उद्योग. त्यात मैलापूरच्या कीर्तीचं स्थळ आलं. मुलगी चांगली शिकलेली, पण घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेलं. त्यांचं जुन्या वळणाचं मराठी ह्यांना पटेना. तसं तोंडावर कसं सांगणार? आपल्याकडे सगळे कळवतात तेच ह्यांनी लिहिलं, ‘पत्रिका जुळत नाही’, आणि पाठवून दिलं.

तेवढ्यात उमाकांत ऑफिसातून आला. स्क्रीन बघितला आणि बूटसुद्धा न काढता ओरडला, "बाबा, थांबवा! मला आवडलीय ती!"

अगं बाई! एवढं मोठं वाक्य तो घरात कधी बोलल्याचं मला आठवत नाही. ह्यांनी घाईघाईने बटण दाबलं, पण पान तोवर येऊन पोचलं होतं. पुन्हा पाठवू का, असं ब्राउझरने इंग्रजीत विचारलं. पुढ्यात येईल त्यावर सही करायची ह्यांची नोकरीतली सवय, हो म्हणून मोकळे झाले. नकार दुसऱ्यांदा गेला. "सरका," म्हणत उमाकांतने स्वतः दाबलं. तिसऱ्यांदा गेला.

"कुठल्या शहाण्याने केलंय हे बटण?" हे म्हणाले.

उमाकांत खाली बसून बूट काढायला लागला.

पोराचा चेहरा बघवेना. रविवारी मी त्याला ओढतच मैलापूरला नेलं. कीर्तीच्या वडिलांनी, सेतुमाधवरावांनी, पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. कीर्ती स्वतःच बाहेर आली.

"आम्ही पत्रिका पाठवलीच नव्हती," ती म्हणाली. "मग न जुळलेली कोणाची?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उमाकांत मात्र बोलायला लागला. बटण, बाबा, तिचा फोटो रोज उघडून बघायचा ते, सगळं. मधे कुठे थांबला नाही. माझे डोळे भरून आले. इतकं ह्याच्या मनात होतं आणि मला आईला पत्ता नव्हता.

कीर्ती हसली नाही. आत गेली, पत्रिका घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

"या वेळी," उमाकांतकडे बघत म्हणाली, "उत्तर तोंडी द्या."