आधी विचारणारा प्रोग्राम

थोरली जाऊ पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायची. सुटलेला अनुस्वार तिच्या डोळ्यांत कुसळासारखा सलायचा. छापखाना बंद पडला, तेव्हा ती वेबसाइट करायला शिकली आणि तिथेही हीच नजर कामी आली. एक कंस राहिला की अख्खं पान कोसळतं, याचं तिला कौतुकच वाटलं. "माणसाला चूक दाखवली की राग येतो. कॉम्प्युटर बिचारा दुरुस्त करून घेतो," असं ती म्हणायची.

धाकटी जाऊ या घरात आली ती हे काम शिकूनच. दोघी मिळून दवाखान्यांच्या, दुकानांच्या साइट सांभाळू लागल्या. जावाजावा आणि उभा दावा, म्हणून लोक वाट बघत राहिले, पण दोघींचं जमलं. थोरली वरच्या मजल्यावर जुन्या कॉम्प्युटरवर, धाकटी खाली जिन्यालगतच्या खोलीत लॅपटॉपवर. फाइली पेन ड्राइव्हवरून वर-खाली जायच्या. कुणाची ताजी, कुणाची शिळी, हे जिन्यात ओरडून ठरायचं.

"ताई, वेळांचं पान मी बदललंय, तुमचं चढवू नका!"

"अगं, आता सांगतेस? चढवलं की मी!"

रोजच्या या ओरड्याला कंटाळून धाकटीने एक प्रोग्राम आणला. दोन्हीकडचे फोल्डर तो रोज रात्री आपसूक जुळवायचा. ज्या फाइलची तारीख नवी, ती जुनीच्या जागी बसायची.

"न विचारता?" थोरलीने विचारलं.

"दर वेळी उत्तरं कोण देत बसणार, ताई? काम वाचवायचंय की वाढवायचंय?"



पुढे एका सकाळी धाकटी तरातरा वर आली. डोळ्यांच्या दवाखान्यासाठी तिने नाव नोंदवायचं पान आदला अख्खा दिवस खपून नव्याने लिहिलं होतं. त्या जागी जुनंच पान येऊन बसलं होतं.

"माझं पान कुठे गेलं?"

"मला काय माहीत? मी काल फक्त त्या पानाच्या तळाचा फोन नंबर बदलला."

"म्हणजे हात लावलात ना! तो प्रोग्राम तुम्हाला पहिल्यापासून नकोच होता."

 थोरलीने फाइलची तारीख बघितली आणि चूक तिच्या लक्षात आली. तिच्या कॉम्प्युटरमधला घड्याळाचा सेल मेला होता. रोज सुरू केला की घड्याळ मागे जायचं आणि ती तारीख हाताने टाकायची. काल तिने पुढचा महिना टाकला होता. नंबर बदलला तो जुन्या पानात, पण पुढच्या तारखेमुळे प्रोग्रामला तेच नवं वाटलं.

धाकटीला यातलं काही दिसलं नव्हतं. ती खुर्चीत बसून म्हणाली, "जाऊ दे. प्रोग्रामच टाकाऊ निघाला."

थोरली गप्प राहिली असती तर खपून गेलं असतं.

"प्रोग्रामचा दोष अर्धाच," थोरली म्हणाली. "तारीख मी चुकवली. मुद्रितं तपासणारीनं महिना चुकवला बघ."

धाकटी फसकन हसली. रडायच्या बेतात होती, पण हसली.

डॉक्टरांना दाखवायला पाठवलेला एक अर्धवट मसुदा मेलमध्ये सापडला. उरलेलं दोघींनी पुन्हा लिहायचं ठरवलं. पण आधी नवा प्रोग्राम निवडायचा होता. खऱ्या फाइलींना धक्का नको म्हणून थोरलीने फोल्डरच्या प्रती काढल्या आणि त्यांत मुद्दाम चुका पेरल्या. पहिल्या प्रोग्रामने मराठी अक्षरांचे चौकोन करून टाकले. दुसऱ्याने प्रत्येक ओळ लाल रंगवली. ओळी शब्दन् शब्द सारख्या होत्या, फक्त दोन कॉम्प्युटरांची ओळ संपवायची, डोळ्यांना न दिसणारी खूण वेगळी होती.

"हा तर सासूच्या वरताण," धाकटी म्हणाली. "प्रत्येक गोष्टीत खोट!"

तिसरा तारखेकडे बघत नव्हता, आतला मजकूर ताडून बघायचा. दोन्ही पानं शेजारीशेजारी मांडायचा, फरक तेवढा रंगवायचा, विचारून मगच बदलायचा आणि बदललेल्याची जुनी प्रत बाजूला ठेवायचा. पेरलेल्या सगळ्या चुका त्याने पकडल्या.

"हाच," धाकटीच म्हणाली. "देऊ आपण उत्तरं."

दवाखान्याचं पान लिहून झाल्यावर दोघी एकाच पडद्यासमोर बसल्या. डावीकडे थोरलीचं, उजवीकडे धाकटीचं.

"नंबर तुमचा घेते, फॉर्म माझा. हे शीर्षक?"

"तुझं. पण 'नोंदणी'तला ण बाणाचा हवा."

धाकटीने तो सुधारला आणि पान चढवलं. जेवणं उरकेपर्यंत कुणीतरी पहिलं नाव नोंदवलंसुद्धा.