सतरा नंबरचा फॉर्म

साताऱ्याहून पहाटे निघालो, तेव्हा हिने दशम्या बांधून दिल्या आणि विचारलं, शिकवण्याची हौस अजून फिटली नाही का? तेहतीस वर्षं शाळेत घालवलेल्या माणसाने सणसवाडीतला दहावीचा वर्ग बघायला जावं, हे काही तिला पटत नव्हतं.

सणसवाडी दिसली ती नगर रस्त्याच्या धुळीतच. कंपन्यांची फाटकं, भाड्याच्या खोल्या, हिंदीत चाललेली घासाघीस. एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत शिरूरच्या शेखबाई शाळा सुटलेल्या मुलामुलींना शिकवतात. शाळेत नाव नसलेल्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं, अशी ही सोय. शिफ्ट करून आलेली मुलं पेंगत गणितं सोडवत होती. मला ते बघवेना.

अश्विनी त्याच वर्गातली, सतरा वर्षांची. शाळा सोडल्याचा तिचा दाखला कंत्राटदाराने कामावर घेताना ठेवून घेतला आणि हरवला. फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. दाखल्याची दुसरी प्रत आणली नाही, तर वर्ष गेलंच. तिचे वडील कामावर, बाईंना वर्ग सोडता येईना. मग मी मोकळा माणूस तिच्याबरोबर निघालो.

न्हावऱ्यापर्यंत एसटी मिळाली, पुढे वडाप (भरेल तेव्हा सुटणारी जीप). भीमेच्या पुलाखालचं पाणी जलपर्णीने पार झाकलेलं. पूल ओलांडला आणि उसाच्या मधोमध जीप पंक्चर झाली. बांधावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला विचारलं, "कुठं निघाली गं?"

"शाळंत, आबा. दाखला आणाया."

"शाळा सोडायला व्हय?"

"न्हाई. सुटलीय कवाच. परत बसायचंय."

दौंड तालुक्यातल्या तिच्या जुन्या शाळेचं नाव मी लिहीत नाही. फाटकावर फलक होता: दहावीचा निकाल शंभर टक्के. आमच्याही शाळेच्या फाटकावर असाच होता, दर वर्षी मीच तो रंगवून घ्यायचो.

क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला पाणी दिलं, दाखला हरवल्याचं वडिलांचं प्रतिज्ञापत्र तपासलं आणि जुनी फाइल काढली. त्यात एकाच दिवसाचे आठ अर्ज टाचलेले होते. मजकूर सगळीकडे तोच: पाल्याचा नववीनंतरचा दाखला मिळावा ही विनंती. खाली पालकांच्या सह्या, काही ठिकाणी अंगठे. अश्विनी एकेक पान उलटत राहिली.

"हे माझं अक्षर हाय, गुरुजी," ती म्हणाली. "समदे मीच लिहिलेत."

तिचं अक्षर वर्गात सर्वांत चांगलं. नववीच्या शेवटी वर्गाच्या सरांनी तिला ऑफिसात बसवून सात अर्ज लिहून घेतले. परगावी जाणाऱ्या मुलांचे आहेत, असं सांगितलं. मग म्हणाले, आता एक तुझाही लिही. तिच्या वडिलांनी मुकाट सही केली, सर सांगतायत म्हटल्यावर काय बोलायचं?

मुख्याध्यापक चारला आले, त्यांनी मान वर न करताच सही केली. प्रतीवर शाळा सोडण्याचं कारण होतं: पालकांची विनंती. दाखला हातात पडला, पण तिला आनंद झालेला दिसला नाही. मलाही झाला नाही.

परतीच्या एसटीत तिने दाखला पुन्हा उघडून वाचला. मग म्हणाली, "माझा फॉर्म भरंल आता. पर त्या सातांचं काय? त्यांचे अर्ज तर मीच लिहिलेत." आणि तिने सातही नावं घेतली, आडनावासकट, न अडखळता. एक कुरकुंभला कामाला आहे, दोघींची लग्नं झाली, बाकीच्यांचं तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेखबाईंनी तिचा फॉर्म भरला. मी साताऱ्याची गाडी धरली.

निकाल शंभर टक्के लागावा म्हणून आमच्या शाळेतही असे अर्ज लिहून घेतले जात. मजकूर मी सांगायचो, आणि चांगल्या अक्षराची मुलगीही मीच निवडायचो. शिरवळपर्यंत मी त्या मुलांची नावं आठवत बसलो. एकही आठवलं नाही.