टोपणाच्या खुणेची नानकटाई

सासूबाई सहा महिने आमच्याकडे लंडनला राहिल्या. इंग्लंडातलं नव्हे, कॅनडातल्या ऑन्टारिओतलं लंडन. एवढ्या दिवसांत भांडण एकदाही झालं नाही, पण कुरबुरीला सुट्टी नव्हती. माझ्या ओव्हनला त्यांनी हात लावला नाही आणि त्यांच्या कढईला मी. परतीच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "आता गुडघे साथ देत नाहीत. पुन्हा काही माझं येणं व्हायचं नाही." माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. 'आई' म्हणायला मला या एकट्याच होत्या, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून जाण्याआधी त्यांना मॉन्ट्रियल दाखवायला नेलं. नवरा हॉटेलात मीटिंगला चिकटला, आम्ही दोघी चालत निघालो. दुसऱ्याच चौकात त्यांचे गुडघे बोलू लागले, तेव्हा समोर दिसली त्या बेकरीत शिरलो. जेमतेम दोन टेबलं. मालकीण बास्क, म्हणजे स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातली. तिने हसून बशीत चवीपुरते तुकडे पुढे केले.

"अहो आई, यात एग असेल हं."

"दिसत नाही ना? मग चालतं."

बदामाचं कुरकुरीत काहीतरी खाऊन त्या "बरं आहे" म्हणाल्या. हे सर्टिफिकेट माझ्या एकाही पदार्थाला मिळालं नव्हतं. मग त्यांची नजर काचेमागच्या दोन गोल केककडे गेली. एकावर काट्याने ओढलेल्या आडव्याउभ्या रेघा, दुसऱ्यावर फुलीसारखी नक्षी.

"हे असं वेगवेगळं का, विचार तिला."

मी विचारलं. रेघा म्हणजे आत क्रीम, फुली म्हणजे काळ्या चेरीचा जॅम. कापण्याआधीच कळावं म्हणून.

सासूबाई एकदम खुलल्या. "अगं, आमच्या भट्टीवर हेच!"

दिवाळीआधी आळीतल्या बायका घरचं तूप, मैदा, पिठीसाखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून घ्यायला जायच्या. भट्टीत घालायचे पत्र्याचे ट्रे अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी.

"माहेरी आमची चारोळी. लग्न झालं आणि सासूने काट्याच्या तीन रेघा ओढायला लावल्या. त्या वर्षीची पहिली नानकटाई मी रडत रडत खाल्ली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या आईची खूण कोणती गं?"

लग्नाच्या अकरा वर्षांत माझ्या आईबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

"आई शिक्षिका होती ना. पेनाच्या टोपणाचा गोल उमटवायची," एवढंच मला सांगता आलं. त्यांनी चेरीच्या केकचा तुकडा माझ्याकडे सरकवला. मला म्हणायचं होतं, जाऊ नका. मी म्हटलं, "कॉफी घेणार का?"

त्यांना विमानतळावर सोडून आलो त्या संध्याकाळी चहा करायला कपाट उघडलं, तर साखरेच्या मागे एक मोठा डबा. आदल्या दिवशी मी ऑफिसात असताना त्यांनी माझा ओव्हन लावला होता. डब्यात नानकटाई. वरच्या थरावर तीन तीन रेघा. खालचा अख्खा थर टोपणाच्या गोलांचा.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. नवऱ्याने काय झालं विचारत डब्यात हात घातला.

"रेघांची घे," मी म्हटलं. "गोलाच्या माझ्या आहेत."

त्या विमानात होत्या, फोन लागणार नव्हता. मेसेज केला: आई, तुम्ही येऊ नका. दिवाळीला मीच येतेय. भट्टीवर आपण दोघी जाऊ.