सुकतीला आलेलं भूत

पडद्यावर भूत आलं आणि जूचंद्रच्या सभागृहातली सगळी माणसं हसली. भयपटाच्या एडिटरसाठी याहून वाईट आवाज नाही. एडिटर मी होतो.

सिनेमा सूडाचा, भाग दुसरा. पहिल्या भागात खाडीत बुडवून मारलेली बाई भरतीच्या पाण्याबरोबर परत यायची आणि मारेकऱ्यांना एकेक करून संपवायची. तो चालला. मारेकरी मात्र त्यातच संपले होते, म्हणून दुसऱ्या भागासाठी त्यांचे चुलतभाऊ शोधून काढले. त्यांनी तिचं काय वाकडं केलं होतं, हे पटकथेलाही ठाऊक नव्हतं.

शूटिंग इथलंच, म्हणून शेठनी, म्हणजे निर्मात्यांनी, गावासाठी ट्रायल शो ठेवला. रिलीजआधी लोकांना सिनेमा दाखवून अंदाज घ्यायचा, तो ट्रायल शो.

दिवे लागल्यावर मिठागरात आयुष्य काढलेले एक म्हातारे उठले.

"आवं शेठ, ती भरतीशिवाय येत नाय ना? मंग आता सुकतीला कशी आयली? पानी कुठं हाय?"

"रिक्षानं आयली असंल!" मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

सुकती म्हणजे ओहोटी. क्लायमॅक्सच्या शूटिंगच्या दिवशी भरती होती, पण नव्या कॅमेऱ्याची पूजा, शाल, नारळ आणि शेठचं 'जागतिक दर्जा'वरचं भाषण यांत दोन तास गेले. तोवर खाडी निघून गेली. भूत कोरड्या चिखलातून चालत आलं. मुंबईच्या युनिटला यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, हे इथेच कबूल करतो.

शेठनी खापर श्रद्धावर फोडलं. ती दिग्दर्शक, पहिलाच सिनेमा.

"मॅडम, रविवारपर्यंत क्लायमॅक्स बसला नाही ना, तर पोस्टरवरून तुमचं नाव काढतो. दुसरा कोणीतरी येऊन नीट करेल."

"शेठ, त्या दिवशी भाषण..."

"भाषणाचा इथे काय संबंध?"

पुन्हा शूटिंग शक्य नव्हतं, भूत हैदराबादला दुसऱ्या सिनेमात होतं. कॉम्प्युटरवर पाणी तयार करायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नायगावच्या माझ्या घरी आम्ही रशेस बघायला बसलो. रशेस म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं सगळं न कापलेलं चित्रीकरण. श्रद्धाने चहाला हात लावला नव्हता.

शेवटचा शॉट आला. सूड घेऊन भूत आपल्याकडे पाठ करून खाडीकडे परत जातं, आणि शेजारच्या चरातून उरलंसुरलं पाणी तिच्याबरोबर उतरत जातं.

"काका, हे पाणी येताना हवं होतं," श्रद्धा म्हणाली.

मी शॉट उलटा चालवला.

पाणी चरातून वर चढू लागलं. त्याच्याबरोबर ती आमच्याकडे येत होती, पाठमोरी, टाच शेवटी उचलत. चिखलात तिची पावलं आधीच उमटलेली होती. ती त्यांवर पाय ठेवायची आणि उचलला की ठसा नाहीसा व्हायचा.

श्रद्धाने खुर्ची मागे सरकवली. "बंद करा," म्हणाली. मग म्हणाली, "नको, परत लावा."

तिचं जाणं आम्ही तिच्या येण्याच्या जागी लावलं. परत जाणं काढूनच टाकलं. गेली की नाही, कळतच नाही.

रविवारी तोच सिनेमा, तीच माणसं. या वेळी क्लायमॅक्सला कुणी हसलं नाही. माझ्या पुढच्या बाईंनी पाय वर खुर्चीवर घेतले. म्हातारे जाताना एवढंच म्हणाले, "आता भरती हाय."

सिनेमा पडला. चुलतभावांच्या सूडावर कुणाचा विश्वास बसला नाही आणि ते बरोबरच होतं. सगळ्या परीक्षणांत निराशा होती आणि त्या एका शॉटची स्तुती. शेठनी मुलाखतीत सांगितलं की ती कल्पना त्यांना पहिल्या दिवशी सुचली होती. पोस्टरवर नाव मात्र श्रद्धाचं राहिलं. त्या शॉटवर तिला पुढचं काम मिळालं.

"भुताचं आहे का?" मी फोनवर विचारलं.

"नाही काका. आणि दुसरा भागही नाही."

एवढ्या वर्षांत मी एकच शिकलो आहे. प्रेक्षक भुतावर विश्वास ठेवायला तयार असतो. फक्त भुताने आपले नियम पाळावेत.