गॅसचा बंब बंद केला तेव्हा

अलिबागला गॅसची एजन्सी निघाली तेव्हा तिथे कामाला माणूस मिळेना. गॅसची टाकी घरात ठेवायची म्हणजे विस्तव उशाशी घेऊन झोपायचं, असं लोकांना वाटे. मी मुंबईत एका गॅस कंपनीत फिटरचं काम शिकलो होतो. आमचं घर पेणकडचं, मिठागरातलं. वडील गेल्यावर आईला एकटं ठेवणं बरं वाटेना, म्हणून तिला घेऊन मी अलिबागला बिऱ्हाड केलं आणि एजन्सीत लागलो. साठ सालानंतरची ही गोष्ट.

शेगड्या जोडून देणं आणि त्या नीट जळतात की नाही ते तपासणं, हे माझं काम. जोडणी कुणालाही जमेल, तपासणी मात्र मला आवडे. ज्योत निळी आणि ठाम हवी. पिवळी पडली, भांड्याला काजळी धरली, तर गॅसला हवा पुरत नाही असं समजायचं. आणि हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, आणि खोली बंद असली तर तो झोपल्यासारखा मरून जातो. तो ओळखायला माझ्याकडे काचेच्या बारीक नळ्या होत्या, आत पिवळी पूड भरलेल्या. एका टोकाला रबरी फुगा लावून हवा ओढून घ्यायची. विषारी वायू असला की पूड काळपट हिरवी होई.

एकदा मालकांनी मला चौलला पाठवलं. तिथे वाडीत राहणाऱ्या एका कुटुंबात गॅसचा बंब होता. मुलगा मुंबईला नोकरीला होता. वडिलांच्या संधिवाताला रोज कढत पाण्याची आंघोळ हवी म्हणून त्यानं तो न्हाणीघरात बसवून घेतला होता. न्हाणीघराची भिंत काळी पडत होती, एवढीच तक्रार होती.

घरात तिघंच. काका, म्हणजे त्या मुलाचे वडील, माणूस मोकळा आणि हौशी. काकू कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. आणि सून, साधारण माझ्याच वयाची. मी गेलो ती सकाळची वेळ होती. बंब उघडला, काजळी झाडली, बर्नर साफ केला. मग पेटवून वरच्या धुराड्याच्या तोंडाशी उदबत्ती धरली. उदबत्तीचा धूर सरळ आत खेचला गेला. नळीतली पूडही पिवळीच राहिली.

"ठीक आहे म्हणायचं," मी काकांना म्हटलं आणि सामान आवरायला लागलो.

सून दाराशी उभी होती. सासूकडे एकदा बघून ती हळूच म्हणाली, "भाऊ, दुपारी बघाल का एकदा? मला दुपारीच त्रास होतो."

"झालं हिचं सुरू," काकू म्हणाल्या. "कपडे धुवायला बसली की हिचं डोकं दुखतं. धुणं संपलं की बरं वाटतं. आम्हीही धुणी धुतलीत हो जन्मभर!"

पण मला सुनेचं बोलणं नीट ऐकावंसं वाटलं. धुणं ती दुपारी, काकांच्या आंघोळीनंतर धुवायची. बंब तेव्हा चालूच असायचा. मी थांबलो. दुपारी समुद्रावरचं वारं सुटलं, माडांच्या झावळ्या सळसळायला लागल्या, तसा मी बंब पुन्हा पेटवला आणि उदबत्ती धरली. आता तिचा धूर आत जाईना, उलटा माझ्या तोंडावर आला. बाहेर जाऊन बघितलं तर धुराड्याचा पाइप आखूड, पागोळीच्या खालीच संपलेला. वारं कौलांवर आपटून खाली वळत होतं आणि जळलेली हवा परत न्हाणीघरात ढकलत होतं. फुगा दाबला. नळीतली पूड बघता बघता काळवंडली.

मी नळी सगळ्यांना दाखवली आणि तिचा अर्थ समजावून सांगितला. काका खुर्चीत बसले. काकूंनी विचारलं, "म्हणजे हिचं खरंच दुखत होतं?"

"हो काकू. या अजून थोडा वेळ दार लावून बसल्या असत्या, तर उठल्या नसत्या."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिचा चेहरा मोकळा झाला होता.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. मी टाकीची जोडणी काढली, बंबाच्या चावीला तार गुंडाळून तिच्यावर शिशाचं सील ठोकलं आणि सांगितलं, "छपराच्या वर जाणारा पाइप आणि टोपी मुंबईहून येईल. तोवर हा पेटवायचा नाही."

"नाही पेटवणार," काका म्हणाले. "तुम्ही आमच्या घरातलं माणूस वाचवलंत."

परत येताना मी खुशीत होतो, हे खरं आहे. आईला जेवताना सगळं रंगवून सांगितलं.

मुंबईहून पाइप यायला उशीर झाला. आधी चुकीच्या मापाचा आला, तो परत गेला. मी मालकांना आठवण करून देत होतो, ते मुंबईला कळवीत होते. अखेर पाइप आला तसा मी सायकलला बांधून चौलला निघालो. ओटीवर काका बसले होते. मला बघून ते उठले नाहीत.

"या," ते म्हणाले. "जरा उशीर झाला तुम्हाला."

आतून सून आली. तिनं सांगितलं ते असं. बंब बंद झाल्यावर पाणी पुन्हा चुलीवर तापू लागलं. चूल मागच्या पडवीत, न्हाणीघर अंगणापलीकडे. मी बंब बंद केला त्या दिवसापासून काकूंनी सुनेला पाण्याच्या हंड्याला हात लावू दिला नव्हता. "तू बस. मी तुला खोटी म्हटलं, आता मला करू दे," असं म्हणत त्या स्वतः कढत हंडा उचलून नेत. एका दुपारी अंगणातल्या शेवाळलेल्या चिऱ्यावर पाय सरकला आणि हंडा डाव्या पायावर कलंडला. मांडीपासून पावलापर्यंत पाय भाजला.

दुसरं काही सुचेना म्हणून मी शिडी मागितली. पाइप चढवला, टोपी बसवली, दुपारचं वारं सुटेपर्यंत थांबलो, उदबत्ती धरली, फुगा दाबला. पूड पिवळीच राहिली. इतकी चांगली तपासणी मी क्वचितच केली असेल, आणि तिचा आनंद काडीइतका झाला नाही.

निघण्याआधी आत गेलो. काकू खाटेवर होत्या, पायावर केळीचं पान टाकलेलं.

"जमलं का रे?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच अरे म्हणाल्या.

"जमलं काकू. पण मी..."

"हिला आता त्रास नाही ना व्हायचा?"

"नाही."

"मग झालं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

घरी आलो आणि ताट बाजूला सारलं. आईनं माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. "तुजा काय चुकला त्यान?" ती म्हणाली. "इषारी धूर व्हता, तू बंद केलास."

"काही चुकलं नाही."

"मंग जेवत का न्हाईस?"

हिशेबात कुठे चूक सापडली असती तर बरं झालं असतं. मी बंब तसाच चालू ठेवायला हवा होता, असं तर कुणी म्हणणार नाही. पण तार गुंडाळताना, आता या घरात पाणी कोण तापवणार, कुठून कुठे नेणार, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मला शिकवलेल्यात तो नव्हताच. मी नळीकडे बघत होतो, आणि ते निसरडं अंगण मी दोनदा ओलांडलं होतं.

पुढे मी काही ना काही निमित्त काढून चौलला जाऊ लागलो. कधी जोडांना साबणाचं पाणी लावून गळती बघे, कधी टोपी हलली का ते पाही. एकदा काकू ओटीवर येऊन बसल्या होत्या. पाय समोर लांब केलेला, कातडी गुलाबी आणि ताणलेली. त्या म्हणाल्या, "तू बंब तपासायला येतोस की माझा पाय?"

मी खाली बघितलं.

"तुला वाटतं, मी तुझ्यामुळे पडले. सुनेला वाटतं तिच्यामुळे. ह्यांना वाटतं ह्यांच्या आंघोळीपायी. अरे, एका पायावर किती जणांनी हक्क सांगायचा? पडले ती मी ना?"

आतून सून हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. काका वाडीत निघून गेले. मी चहा घेतला, आणि त्या दिवसापासून विनाकारण जायचं बंद केलं.

मालकांशी मात्र भांडलो. गावातल्या पत्रेवाल्याकडून दोन-तीन मापांचे पाइप आणि टोप्या करून दुकानात आधीच ठेवायला लावल्या. धुराडं सदोष निघालं की मी दुसऱ्याच दिवशी पाइप घेऊन जाई. आणि जोडणी काढण्याआधी घरातल्या बाईला विचारी, चूल कुठे आहे, पाणी कोण आणतं. काही घरांत लोक हसत. गॅसवाल्याला चुलीशी काय देणंघेणं?

काकूंचा पाय बरा झाला, पण गुडघ्यात पुरता वाकेना. त्यांना मांडी घालून बसता येत नसे. बाजाराच्या दिवशी त्या सुनेच्या आधारानं अलिबागला येत. दिसल्या की मी सामोरा जाई, पण नजर आधी खाली, त्यांच्या पावलाकडे जाई. काकूंच्या ते लक्षात येई. लुगड्याचा काठ जरा खाली ओढून घेत त्या विचारीत, "आई बरी आहे ना तुझी?"